तारीख नाही, तिथी बघा: नागपूरकरांसाठी समुद्री कयाकिंग आणि तंबूतला पहिला वीकेंड

माझी एक चप्पल मालवणजवळच्या देवबागच्या खाडीने नेली. खिंडसीला ठेवते तशी काठावर, पाण्यापासून चांगली दहा पावलं लांब काढून ठेवली होती. दीड तासाने कयाक घेऊन परतले तर तो काठच पाण्याखाली गेलेला, आणि जोडीतली दुसरी चप्पल माडाच्या मुळाशी अडकून डुलत होती. कोचने माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "नागपूर काय?"

गावाचा दोष नाही, सवयीचा आहे. अंबाझरी, फुटाळा, रामटेकजवळचं खिंडसी. आपण बोटीत बसलो ते सगळं तलावात. तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी सापडतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि खाडीत तर ते आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने वाहतं. कयाक वल्हवणं दोन तासांत जमतं. पाण्याच्या या वेळा डोक्यात बसायला जास्त वेळ लागतो. म्हणून सुरुवात पॅडलपासून न करता भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करू.

१. आधी तिथी, मग तिकीट

कुठल्या शनिवारी जायचं हे फक्त ऑफिसच्या सुट्टीवरून ठरवू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर येते, ओहोटी खूप खाली जाते, आणि एवढं सगळं पाणी तेवढ्याच सहा तासांत खाडीतून आत-बाहेर करत असल्यामुळे ओढ जोरात असते. अष्टमीच्या सुमाराला भांग येतो. चढ-उतार कमी, ओढही कमी. नवख्याने अष्टमी ते दशमीच्या दरम्यान पडणारा शनिवार-रविवार धरावा. शुक्ल पक्ष की कृष्ण, याने फरक पडत नाही. शुक्ल पक्षात संध्याकाळी तंबूबाहेर चांदणं मिळतं, हा फायदा वरचा.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब पाठ करून ठेवा: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन; पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्याचंच हे सोपं रूप. जागेप्रमाणे तास-अर्धा तास मागेपुढे होतं, आणि कोचकडे भरती-ओहोटीचं छापील किंवा फोनवरचं कोष्टक असतंच. पण आपल्याला स्वतःला अंदाज असला की कोच "सकाळी सहाला पाण्यात" म्हणतो तेव्हा कपाळावर आठ्या येत नाहीत.

आणखी एक बारकावा. भरती-ओहोटीचं पाणी सहाही तास सारख्या वेगाने धावत नाही. सुरुवातीला हळू, मग मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं, शेवटी पुन्हा हळू. खाडीच्या तोंडाशी ओढ सगळ्यात जास्त असते ती या मधल्या दोन तासांत.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंदच असतात, कारण पावसाळी समुद्र; कोळी बांधवही नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात उतरतात. ऑक्टोबरमध्ये पाणी सुंदर असतं, पण अरबी समुद्रात वादळं उठायचे दोन काळ आहेत, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने हाच मालवणचा किनारा झोडपला होता. एप्रिलमध्येही जाता येतं, पण दुपारी तंबूत बसवत नाही.

२. नागपूरकराचा वीकेंड दोन दिवसांचा नसतो

झिरो माईलचा खांब देशाच्या मधोमध असल्याचं आपल्याला कौतुक. समुद्राला जायचं ठरलं की त्याची किंमत कळते: कुठूनही गेलं तरी लांबच. मालवण रस्त्याने नऊशे-हजार किलोमीटर. निदान चार दिवस काढा, दोन जायचे-यायचे, दोन पाण्याचे.

नागपूर–मडगाव ही विशेष गाडी सोयीची आहे. ती बुधवारी आणि शनिवारी इथून निघते, गुरुवारी आणि रविवारी मडगावहून परत फिरते, आणि कुडाळला थांबते. बुधवारी निघालात की गुरुवारी कोकणात, रविवारी रात्रीची परतीची गाडी, सोमवारी रात्री घरी, म्हणजे या गाडीने सहा दिवस. ही गाडी मुदतवाढीवर चालते, म्हणून कोचला पैसे भरण्याआधी तुमच्या तारखेला ती धावते आहे ना हे बघून घ्या. कुडाळ ते मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. दुसरा मार्ग विदर्भ किंवा दुरांतोने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वे. विमानाने गोवा गाठायचं असेल तर मोपाचा विमानतळ मालवणला जवळ पडतो, दाबोळीचा लांब.

स्वतःची गाडी घेऊन समृद्धीवरून सुसाट जायचा मोह होतो. मी एकदा केला. पोहोचले त्या रात्री खांदे इतके आखडले होते की सकाळी पॅडल डोक्यावर नेता येईना. गाडी न्यायचीच असेल तर मध्ये मुक्काम करा.

३. कोच कसा ओळखायचा

जाहिरातीतले फोटो बघू नका, फोन करा आणि पहिला प्रश्न हा विचारा: "पहिल्या दिवशी आम्हाला पाण्यात पाडणार का?"

"नाही नाही, काळजी करू नका, आमच्याकडे कोणी पडत नाही," असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. नवख्याला आधी उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून परत चढायला शिकवतो, तो कोच. बाकीचे भाड्याने कयाक देणारे. त्यांचाही धंदा आहे, वाईट म्हणत नाही, पण तुम्हाला जे हवं ते त्यांच्याकडे नाही.

मग बाकीचं विचारा. एका कोचमागे किती जण? चार-पाच असले तर मी खूश, आठच्या वर असले तर नाही. प्रथमोपचार आणि सीपीआर शिकलेला माणूस बरोबर असतो का? समुद्राकडे जाताना मागे इंजिनाची होडी असते का? वारा वाढला तर बेत रद्द होतो का, आणि पैशांचं काय? तंबू कुणाच्या जागेत, संडास-न्हाणीघर कुठे? हा शेवटचा प्रश्न बायकांनी लाजून सोडू नये. मी सोडला होता.

लाइफ जॅकेटचं स्वतः बघा. अंगात घालून सगळे पट्टे आवळा, मग कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात तुमच्या नाकातोंडावर येणार. लहान मापाचं मागा. माझ्या पहिल्या अनुभवात, दुसऱ्या एका किनाऱ्यावर, मला दिलेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं आणि ते सुतळीने बांधलं होतं. वर भर दुपारी साडेबाराला पाण्यात सोडलं. अर्ध्या तासात वाऱ्याने आम्हाला किनाऱ्याच्या कडेकडेने खडपांकडे ढकललं. एका कोळ्याने होडीतून दोरी टाकून ओढून आणलं, आणि पैसे घेतले नाहीत. त्याने मालवणीत जे ऐकवलं ते मला अर्धंच कळलं, अर्धंही पुरेसं होतं.

४. नागपुरातला एक महिना

पोहता आलंच पाहिजे का? लाइफ जॅकेट असल्यावर अट कडक नसते, पण पाण्यात डोकं गेल्यावर भीतीने हातपाय मारणारा माणूस स्वतःला आणि सोडवायला येणाऱ्यालाही अडचणीत आणतो. माझ्या मते दहा मिनिटं तरंगता यावं आणि पन्नास मीटर कसंही करून जाता यावं. डिसेंबरात आपल्याकडचं तलावाचं पाणी हाडं गोठवतं, तेव्हा हा सराव ऑक्टोबरमध्येच उरकून घ्या. अंबाझरी रोडवरचा नागपूर सुधार प्रन्यासचा जलतरण तलाव असो की घराजवळचा दुसरा कुठला. नाकात पाणी गेल्यावर न घाबरता ते फुंकून बाहेर टाकायचं, एवढं जरी जमलं तरी पुष्कळ.

दुसरा सराव घरच्या चटईवर. पाय समोर लांब करून, गुडघे जरा वाकवून, पाठ सरळ ठेवून वीस मिनिटं बसून बघा. कयाकमध्ये असंच बसायचं असतं, दोन-दोन तास. ज्यांचे मांडीमागचे स्नायू आखडलेले आहेत त्यांची कंबर दहाव्या मिनिटाला बोलू लागते. रोज बसा, रोज वाका, महिन्याभरात फरक पडतो.

त्याच बैठकीत हातात झाडूचा दांडा घ्या. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा धरा. कोपरं काटकोनात आली की पॅडलवर हात तेवढ्याच अंतरावर ठेवायचे. आता दांडा खाली आणून वल्हवल्यासारखं करा, पण दंडाने नाही. रवीने ताक घुसळताना दोरीची एक बाजू ओढली जाते तेव्हा दुसरी आपोआप पुढे जाते, आणि घुसळणारी आजी कमरेपासून हलते, नुसते हात हलवत नाही. अगदी तसंच. उजवीकडे पॅडल रोवताना उजवा खांदा पुढे, आणि मग पोटापासून वळत ते मागे. माझा भाचा जिमचा गडी. "मावशी, मी अंबाझरीत चालवली आहे न बोट, काहीच नाही होत," म्हणाला आणि दंडाच्या जोरावर निघाला. चाळिसाव्या मिनिटाला त्याचे दंड भरून आले. त्याच्या पुढे साठीच्या एक बाई गप्पा मारत वल्हवत होत्या.

उन्हाबद्दल आपल्याला गैरसमज असतो. "आम्ही ४५ डिग्रीतले," वगैरे. आपलं ऊन कोरडं, घाम आला की उडतो. तिथे घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, आणि पाण्यावर बसल्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही. तिथल्या दमट हवेत आपला कूलरसुद्धा निकामी, मग आपण कोण? आदल्या दिवसापासून पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस घेत राहा.

५. पिशवीत काय

सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच. भिजलं की जड होतं आणि मिठाने मांड्या सोलतं. लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, तशीच पँट, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली टोपी, सनस्क्रीन. हिवाळ्यातही पाणी कोमट असतं, वेटसूट लागत नाही. पायात मागे पट्टा असलेले जुने सँडल, कारण खडकांवर आणि खाडीतल्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या चालतात. चष्मा असेल तर मागून दोरी.

ड्राय बॅगचं, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीचं, तोंड निदान तीन वेळा गुंडाळून मगच क्लिप लावायची. फोनच्या पारदर्शक पाकिटावर विश्वास ठेवण्याआधी त्यात कोरडा टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. टिश्यू ओला निघाला तर शंभर-दोनशे रुपये वाया, फोन वाचला.

शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी. तीन वेळा वाजवली तर "मदत हवी", हे सगळ्यांनी आधी ठरवून घ्यावं. तटरक्षक दलाचा १५५४ आणि नेहमीचा ११२, हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही. घरी आईला किंवा जो कोणी काळजी करणार त्याला पाण्यातून परत यायची वेळ सांगून ठेवा, आणि आल्यावर फोन करा. नाहीतर नागपुरात सगळी गल्ली गोळा होते.

खायला संत्री न्या. हिवाळ्यात आंबिया बहार बाजारात असतो, ओल्या हातांनी सोलता येतात, तहान आणि भूक दोन्ही भागतात, कचरा म्हणून फक्त साल. ती साल परत आणायची. सावजीचा मसाला घरीच राहू द्या. तिथे घावणे, सोलकढी आणि बांगडा आहे, आणि रात्री तंबूत पोट बिघडणं ही गंमत नाही.

६. शनिवार सकाळ, खाडी

देवबाग शिकायला बरं का, तर त्याचा आकार. जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. एकीकडे लाटा असल्या तरी दुसरीकडे पाणी शांत असतं आणि मध्ये चालत जायचं अंतर. शिवाय तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा आणि जलक्रीडा शिकवणारी संस्था असल्यामुळे या पट्ट्यात पाण्यावर काम करणारी माणसं पुष्कळ आहेत.

अष्टमीच्या सकाळी हिशेबाप्रमाणे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण, नंतर दुपारपर्यंत पाणी समुद्राकडे ओसरणार. अशा वेळी आधी खाडीत वर, पाण्याच्या विरुद्ध जायचं. अंगात ताकद असताना विरुद्ध, थकल्यावर पाण्याबरोबर परत. याच्या उलट केलं, सकाळच्या उत्साहात ओहोटीबरोबर संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे, गेलात, तर परतताना पाणी आणि थकवा दोन्ही समोरून येतात. संगमावर ओसरणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर भिडतात, लाटा उभ्या राहून फुटतात. दुरून ते सुंदर दिसतं. दुरूनच बघा.

पहिला अर्धा तास पुढे वल्हवणं, थांबणं, मागे येणं. वळण्यासाठी पॅडलने बाजूला मोठं अर्धवर्तुळ काढायचं. पॅडल घट्ट आवळू नका, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत फोड येतात. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. दर गटात एक जण ते उलटं धरून "माझी कयाक जडच आहे" म्हणतो.

मग पडायचं. कंबर-छातीएवढ्या पाण्यात कोच म्हणतो, "आता झुका." कुणीच झुकत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. मी सुद्धा कयाकच्या कडा धरून बसले होते, आणि मग त्याने शांतपणे माझ्या कयाकच्या शेपटीवर पाय ठेवला.

वरून बसायच्या कयाकमध्ये, म्हणजे सिट-ऑन-टॉपमध्ये, आपण नुसते बाजूला घसरून पाण्यात पडतो. जॅकेट लगेच वर आणतं. खारं पाणी नाकातून घशापर्यंत जळत जातं, डोळ्यांपुढे हिरवा उजेड, कानात बुडबुडे, आणि एक सेकंदाने डोकं बाहेर. आत बसायच्या लांब समुद्री कयाकमध्ये कमरेभोवती रबरी झाकण असतं, तिथे उलटल्यावर आपण डोकं खाली, पाय वर असे लटकतो. तेव्हा मागे रेलायचं नाही, पुढे झुकून डेकला चिकटायचं, झाकणाच्या पुढचा फासा ओढायचा, दोन्ही हातांनी कयाकच्या कडा ढकलून मांड्या सोडवायच्या. पहिल्या वीकेंडला बहुतेक कोच सिट-ऑन-टॉपच देतात आणि तेच योग्य.

पडल्यावर दोनच गोष्टी धरायच्या: कयाक आणि पॅडल. चप्पल, टोपी, गॉगल, काही नाही. मोकळी कयाक वाऱ्याने आपल्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते.

चढणं हा खरा धडा. लोक पाण्यात उभ्यानेच हातांच्या जोरावर कयाक खाली ओढतात, ती पुन्हा उलटते. आधी कयाकच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून पाय मागे जोरात मारायचे, शरीर पाण्यावर आडवं होईपर्यंत. मग एक धक्का देऊन पोटावर कयाकवर आडवं पडायचं, बेंबी मधल्या रेषेवर. मग कूस बदलून सीटवर बसायचं. पाय सगळ्यात शेवटी. आमचा कोच हे तीन शब्दांत सांगायचा: "पोट, बूड, पाय." मी चौथ्या प्रयत्नात चढले, भाचा सहाव्या. त्याने दरवेळी ताकद लावली आणि दरवेळी कोच किनाऱ्यावरून ओरडला, "जोर करूचो नाय!"

हे प्रत्येकाने निदान तीनदा करावं, एकदा दुसऱ्याच्या मदतीने. मदत करणारा आपली कयाक तुमच्या कयाकला समांतर चिकटवून, दोन्ही हातांनी ती धरून ठेवतो, मग चढणं एकदम सोपं होतं. दमल्यावर गटाने अशाच कयाक एकमेकींना लावून तराफा करायचा, संत्री सोलायची.

अकराच्या आत परत. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे घोकले होते ते इथे अंगाला लागतात. रात्री जमीन गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे. दिवस चढला, जमीन तापली की समुद्राकडून जमिनीकडे, आणि दुपारी त्याला जोर येतो. परतताना काठाला लागून कांदळवन बघा, पण मुळांमध्ये घुसू नका. पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे, २०२० पासून. त्याची मुळं चिखलातून शंकूसारखी वर येतात आणि कयाकला खालून घासतात.

७. तंबू

दुपारी झोपा. खरंच झोपा. तंबू चारनंतर.

जागा मालकाच्या परवानगीने, त्याच्या वाडीत किंवा घरामागे. पुळणीवरच लावायचा असेल तर वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची एक रेघ दिसते, तिथपर्यंत शेवटची भरती आलेली असते. तंबू तिच्या बराच वर, आणि चप्पलसुद्धा. माडाखाली नको, नारळ पडताना हाक मारत नाही. सुरूच्या बनात चालतं.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत. प्लास्टिकच्या किंवा कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. वारा कितीही येवो, ती हलत नाही. तंबूचं दार वाऱ्याकडे नको.

नागपूरकर डिसेंबरात रजया घेऊन येतात. तिथे थंडी आपल्यासारखी नसते, पातळ चादर पुरते. पण दव एवढं पडतं की सकाळी बाहेर वाळत घातलेले कपडे आदल्या रात्रीपेक्षा ओले मिळतात. तंबूचं वरचं आवरण लावायलाच हवं, आणि कपडे आत.

थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं कोकणाच्या काही किनाऱ्यांवर अंडी घालायला रात्री वर येतात. शेकोटी आणि मोठे दिवे किनाऱ्यावर नकोत, टॉर्च पायापुरता. खरकटं उघडं ठेवू नका, कुत्री तंबू फाडतात. एवढं केलं की बाकी रात्र लाटांचा आवाज ऐकायला मोकळी. पहिल्या रात्री तो आवाज झोपू देत नाही, आपल्याला कूलरची सवय.

८. रविवार, समुद्र

शनिवारी दोनदा स्वतः चढता आलं नसेल तर रविवारी समुद्रात जाऊ नका. खाडीतच पुन्हा करा. कोच आग्रह करत असेल तरी.

पहाटे हवामान बघायचं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रातल्या लाटा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते. कोच तो बघतोच, तुम्हीही बघायला शिका. मग स्वतः किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून लाटा मोजा. मोठ्या लाटा तीन-चार-पाच अशा मागोमाग येतात, मग थोडी उसंत. बाहेर पडायचं ते त्या उसंतीत. समुद्रावर दूरवर पांढरे तुरे दिसत असले तर नवख्यांसाठी तो दिवस चहाचा.

बाहेर पडताना कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सरळ लाटेसमोर. लाट येताना वल्हवणं थांबवायचं नाही. थांबलात की ती तुम्हाला आडवी करते. फुटणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडे गेलं की एकदम शांत, नुसता झोका. तिथे गटाने जमायचं. पुढे कोच, मागे अनुभवी माणूस, कुणीही शिट्टी ऐकू येणार नाही इतकं लांब नाही. पहाटेचा वारा जमिनीकडून असल्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं आणि तो वारा न कळत बाहेर ढकलतो. किनाऱ्यावरचं एखादं झाड किंवा घर नजरेत धरून ठेवा, अंतर वाढतंय का ते बघत राहा.

मालवणच्या बाजूला दूर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधला. "चला, तिकडेच जाऊ," असं गटातलं कोणीतरी म्हणणारच. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेत, होडीवाल्यांना त्यातली वाट माहीत असते, आपल्याला नाही. किल्ला होडीने बघा, दुपारी.

परत येताना घाई होते आणि अपघात बहुतेक इथेच होतात. फुटणाऱ्या पट्ट्याबाहेर थांबा, मोठ्या लाटा जाऊ द्या, आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवरून तिच्यामागे वल्हवत या. पाणी गुडघ्याएवढं झालं की समुद्राच्या बाजूला उतरा, किनाऱ्याच्या बाजूला नाही. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. पुढची लाट पाण्याने भरलेली कयाक उचलून तुमच्या नडगीवर आणते. एका बाईंचा गुडघा माझ्यासमोर असाच गेला.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून घसटत चला. वाळूत पाखट (चपटा, शेपटीवाला मासा) दडलेलं असलं तर ते आधीच निसटतं, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. मारलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

९. घरी आल्यावर

आंघोळ आधी माणसाची नाही, सामानाची. बक्कलं, चेनी, सँडल, ड्राय बॅग, सगळं गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर. मीठ राहिलं तर तंबूची चेन पुढच्या वेळेला उघडत नाही. तंबूच्या दांड्या एकेक सांधा मोकळा करून झटका, आतून वाळू निघतेच, आणि तीच पुढे दांडी चिरते. मग गच्चीवर. नागपूरचं कोरडं ऊन इथे कामाला येतं, दोन तासांत सगळं खडखडीत. कोकणातले लोक यासाठी आपला हेवा करतात. आमच्या कोचने फोनवर तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझी गेलेली चप्पल चार दिवसांनी खाडीत वर एका वाडीच्या धक्क्याला लागली. ठेवली आहे म्हणाला.